आईला ऐकू येईल असा ॲम्प

आमची आक्का आठवडाभर माणसांना झोपवते आणि रविवारी मेलेलं माणूस उठून बसेल असं वाजवते. भूलतज्ज्ञ आहे ती, बेळगावात. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटशी इतक्या हळू बोलते की त्याला वाटत असेल, ह्या बाईनं जन्मात आवाज चढवला नसेल. त्या पेशंटला एकदा आमच्या प्रॅक्टिसला आणून बसवायला पाहिजे. आम्ही हेवी मेटल वाजवतो. आक्का गिटार वाजवते आणि गाते, म्हणजे आमचे शेजारी त्याला गाणं म्हणत नाहीत, पण असो. खानापूरचा एक दोस्त बेस गिटार वाजवतो. तो तिथल्या सरकारी कचेरीत आहे, बोलतो कमी, आणि जे बोलतो त्यातलं निम्मं कन्नड. ड्रम्सवर मी. निपाणीत बँकेत नोकरी करतो आणि काउंटरवर गिळलेला सगळा राग ड्रम्सवर काढतो.

आक्कानं ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, कसा निवडला ते सांगतोय. लोक म्हणतील, त्यात काय सांगायचं? दुकानात जायचं, आवडला तो उचलायचा. असं म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो, बैल असा घेता का हो तुम्ही?

सुरुवात झाली बेळगावातल्या आमच्या एका कार्यक्रमात. आई पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, कडक इस्त्रीची साडी नेसून बसली होती. आमच्या पुढ्यात पोरं केस मोकळे सोडून माना झटकत होती आणि त्यांच्यात ही बाई मांडीवर पर्स धरून, शाळेच्या गॅदरिंगला आल्यासारखी. कार्यक्रम संपला. आई मागं आली. माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, "ब्येस बडवलंस रं! हितं छातीत धाडधाड हुत हुतं माझ्या." मग आक्काकडं वळली, तिच्या गालावरनं हात फिरवला आणि अगदी मायेनं म्हणाली, "तू बी चांगली दिसत हुतीस गं."

दिसत हुतीस! आक्का हसली आणि खाली बसून केबल गुंडाळायला लागली. एवढीशी केबल, पण गुंडाळून संपेचना तिची.

आईला गेली काही वर्षं ऐकू कमी येतं. बारीक, चिरके आवाज आधी गेले: कुकरची शिट्टी, मोबाइलची रिंग. खालचे घुमणारे आवाज तिला कानापेक्षा छातीत कळतात. मधले, म्हणजे माणसाच्या बोलण्यातले, जवळ येऊन नीट बोललं तर पोचतात. आक्कानं कानाचं मशीन आणून दिलंय, चांगल्यातलं. आई त्याला किडा म्हणते. "त्यो किडा घातला की कोन भांडीच पाडतंय बघ मागं," म्हणून किडा कायम डबीत. आणि आमच्या संगीताला तर ते मशीन संगीतच मानत नाही, गोंगाट समजून दाबून टाकतं. ह्या बाबतीत मशीनचं आणि आमच्या शेजाऱ्यांचं एकमत आहे.

गाडीतनं निपाणीला घरी परत येताना आक्का म्हणाली, "आईला माजं काय बी ऐकू आलं न्हाय."

मी म्हणालो, "तुजा ॲम्प टुकार हाय. पत्र्याचा डबा हाय त्यो."

हे मी तिला हसवायला बोललो, पण ती हसली नाही. तिचं काय दुखत होतं ते मला कळत होतं. आक्का शाळेत असताना तिनं गिटार मागितली तेव्हा आमच्या भावकीत सगळ्यांची तोंडं वाकडी झाली होती. पोरीला डॉक्टर करायची म्हणता आणि वाजंत्री काय शिकवता, असं एकानं घरात येऊन ऐकवलं होतं. आई त्याला म्हणाली, "चा घ्या, आन् जावा." संपला विषय. गिटार आली. पण आक्का मेटल वाजवायला लागली ती बंगळूरला, शिकायला गेल्यावर, आणि ती शिकून परत येईपर्यंत आईचे कान उतरणीला लागले होते. म्हणजे जिनं हातात गिटार दिली, तिनं ह्या पोरीला तिच्या मनासारखं वाजवताना एकदाही ऐकलेलं नव्हतं. अख्ख्या गल्लीला मात्र सांगायची, माझी पोरगी लई भारी वाजवती.

मग आक्का हट्टाला पेटली. ट्यूबचा ॲम्प घ्यायचा, हाय गेनवाला, आणि असा घ्यायचा की आईला मशीन न घालता माझी गिटार ऐकू आली पाहिजे.

ट्यूबचा ॲम्प म्हणजे आपल्या जुन्या वॉल्व्हच्या रेडिओचा पैलवान भाऊ. आत काचेच्या नळ्या असतात. बटण दाबलं की लगेच वाजत नाही, नळ्या तापेपर्यंत थांबायचं. स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचा नाही, नाहीतर आतलं जळतं. गिटारचा नाजूक सूर त्या नळ्यांमधनं रेटत नेला की तो फाटतो, आणि त्या फाटण्यातच सगळी मजा असते. गेन वाढवला की फाटणं वाढतं. हेवी मेटलला ते भरपूर लागतं, पण फाटूनसुद्धा प्रत्येक ठोका सुटा राहायला पाहिजे. तळहाताची कड तारांवर दाबून आक्का जेव्हा झपाझप ठोके काढते, तेव्हा ते एकात एक मिसळले तर नुसता पिठाच्या गिरणीचा आवाज होतो. जे ॲम्प हे सांभाळतात त्यांना माझा नमस्कार. मी ड्रम्सवाला आहे, गिटारवाल्यांची स्तुती करणं माझ्या रक्तात नाही, पण चांगल्या ट्यूब ॲम्पसमोर उभं राहिलं की पॅन्ट हलते आणि डोळ्यात पाणी येतं, हे मी कुणापुढंही कबूल करीन.

बेळगावात एक साऊंडवाले अण्णा आहेत. मिरवणुकीला डॉल्बी भाड्यानं देतात. गोव्यातलं एक हॉटेल बंद पडलं तेव्हा तिथल्या स्टेजवरचं सगळं सामान त्यांनी उचलून आणलं, त्यात दोन ट्यूब ॲम्प होते. एक काळा, चकचकीत, पुढं चंदेरी जाळी. आक्का तो कितीतरी वर्षं इंटरनेटवर बघून उसासे टाकत होती. दुसरा करड्या रंगाचा, कातडं फाटलेलं, नॉबवरचे आकडे पुसलेले. अण्णा म्हणाले, "डॉक्टर, मला ह्यातलं काय बी कळत न्हाय. पन पावसाळ्यात दुकानात लावून ठेवतो, ऊब लई चांगली मिळती."

आक्का काळाच न्यायला निघाली होती. अण्णांनी करडाही गाडीत चढवला. म्हणाले, "न्या वो, एकटा काय राहतोय हितं. वाजवून बघा, नको तर आणून द्या." असे ते दोघे निपाणीला आले.

निपाणीत आमची प्रॅक्टिस चालते तंबाखूच्या एका रिकाम्या वखारीत. गावाच्या कडेला आहे, पलीकडं लगेच उसाची रानं. भिंती दांडग्या, आवाज बाहेर जात नाही. माल गेला त्याला जमाना झाला तरी वास गेला नाही. पहिल्या गाण्याला आम्ही तिघंही शिंकतो. आईला इथं आणायचं म्हणजे अवघड काम होतं. ती लग्नाआधीपासनं ह्याच वखारीत राबली होती. तोंडाला पदर बांधून चाळण हलवायची, दिवस दिवस. त्यातनंच आम्ही दोघं शिकलो. आक्काची पहिली नोकरी लागली त्या दिवशी आईनं काम सोडलं आणि सांगितलं, "आता त्या वासात माजं मढं बी न्यायचं न्हाय." ती बोलली की बोलली. आमची प्रॅक्टिस कुठं चालते ते तिला माहीत होतं, पण कधी फिरकली नव्हती.

आक्कानं विचारलं तेव्हा आईनं हातातलं काम खाली ठेवलं. मग पर्स उचलली. "तुज्यासाठी येते. तंबाखूसाठी न्हाय."

वखारीच्या दारात ती थांबली. पदर आपोआप नाकाला गेला. आत नजर फिरवून म्हणाली, "खिडक्या तेवढ्याच ठेवल्यात बघ मेल्यांनी." आणि आत आली. मला तिचा असा अभिमान वाटला की काय सांगू. मी उगाच ड्रम्सचे स्क्रू आवळत बसलो.

आता परीक्षा कशी घ्यायची ते मी ठरवलं होतं, कारण आई आमची महालबाड. ऐकू आलं नाही तरी मान डोलावते. तोंडाकडं बघून ओळखते, आणि पोरांचं मन मोडायचं नाही म्हणून "झ्याक!" म्हणून मोकळी होते. म्हणून मी तिला आमच्याकडं पाठ करून बसवली, तोंड दाराकडं. खाली बारदानाची चवड रचली, जमिनीची थरथर पायातनं कळू नये म्हणून. ड्रम्स नाही, बेस नाही, फक्त आक्का वाजवणार. आणि आईच्या हातात जेवणाच्या डब्याचं झाकण दिलं.

झाकण का, ते सांगायला पाहिजे. वखारीत बायकांची तोंडं बांधलेली असायची. त्या धुरळ्यात आणि गोंधळात बोलणं व्हायचं नाही, तर बायका चाळणीच्या काठावर बोटानं टकटक करून बोलायच्या. पाणी पाहिजे असेल तर एक टकटक, मुकादम आला तर दुसरी, प्रत्येकीला बोलवायची खूण वेगळी. आई ती सवय घरी घेऊन आली. आम्हाला लहानपणी जेवायला नावानं हाक नसायची. ताटाच्या नाहीतर डब्याच्या कडेवर बोट वाजायचं. आक्काची खूण संथ: टक... टकटक. माझी घाईची, टकटकटकटक, कारण मी एका हाकेला कधी आलेलोच नाही. त्यामुळं आईला म्हणालो, "आक्काचं जे ऐकू येईल ते झाकणावर वाजव. ऐकू न्हाय आलं तर गप बस. लबाडी करायची न्हाय."

"मी कवा लबाडी केली रं?" आई म्हणाली. खानापूरवाला तोंड फिरवून हसला.

पहिला काळा लावला. नळ्या तापल्या, आत निखारा पेटला. आक्कानं नॉब लावले, तिच्या सवयीनं: बास म्हणजे खालचा आवाज भरपूर, ट्रेबल म्हणजे वरचा भरपूर, मधला मिडलचा शून्यावर. आणि पहिला ठोका दिला. बाबा रे! सबंध वखार दणाणली. पत्र्यावरची कबुतरं उडाली. मी आणि खानापूरवाला एकमेकांकडं बघतच राहिलो. एवढा मोठा, एवढा चकचकीत आवाज आमच्या आयुष्यात पहिल्यांदाच आमचा होता. आक्काचा चेहरा तर असा फुलला होता की मला वाटलं, झालं काम, आता घरी जाऊ.

आईचं बोट झाकणावर होतं. हलत होतं, पण कुठंही. आक्का झपाझप ठोके काढत होती आणि आईचं बोट आपलं भजनाला बसल्यासारखं एका लयीत डुलत होतं. आक्का थांबली. बोट चालूच राहिलं.

आक्कानं ते बघितलं. पुढं जाऊन तिच्यासमोर वाकून विचारलं, "आई, खरं सांग. काय ऐकलंस?"

आईनं विचार केला. "खाली घुमतंय," ती म्हणाली. "वर फुसफुसतंय. मधी कोन न्हाय."

 आक्कानं परत जाऊन काळ्याचा मिडल वाढवला, पार शेवटपर्यंत नेला. फरक पडला, नाही असं नाही, पण तो ॲम्प मुळात तसाच बनवलेला. त्याचा जीव खाली आणि वर. आई म्हणाली, "आता कोनतरी लांब खोकलतंय."

मला हसू आवरेना. आक्कानं असं काही बघितलं की मी दाबून टाकलं.

मग करड्याची पाळी. तो तापला, तिनं वाजवला, आणि आवाज ऐकून माझंच तोंड पडलं. मऊ! लापशी! ठोका द्यावा तर तो हळूच बसकण मारायचा. ठोक्याला ठोका चिकटत होता. मिडल वर केला तर लापशी जास्त झाली. आईनं झाकणावर बोट टेकवलं, आणि उचललंच नाही.

"ह्यो मेलेला हाय," आक्का म्हणाली आणि गिटार काढून ठेवली. "अण्णांनी उगाच गळ्यात मारला. जाऊ दे. काळाच घेते. प्रोग्रामला चांगला वाजेल. आईला ऐकू येत न्हाय ते न्हाय. किती दिवस त्याच्यामागं लागायचं?"

आक्का रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती ऑपरेशनच्या टेबलावर बोलते तसं बोलली, हळू. आईची पाठ होती, तिला हे काही कळलं नव्हतं. ती तशीच झाकण धरून दाराकडं तोंड करून बसली होती, पुढच्याची वाट बघत.

खानापूरवाला म्हणाला, "आयतु, चहा करू," म्हणजे झालं, सोडा आता. मी इलेक्ट्रिक किटली लावली. आमचं प्रत्येक भांडण त्या किटलीवर मिटतं. पण आज किटली उकळेना. मी झाकण उघडून बघतोय, बंद करतोय. पाणी नुसतं कोमट. किटलीला शिव्या घातल्या. वायर हलवून बघितली. मग भिंतीवरचं बटण दाबून दिवा लावला, प्लग नीट बसलाय का ते बघायला, आणि दिवा पेटला तो दिवाळीच्या पणतीएवढा.

मी बाहेर धावलो. उसातनं पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता. एक नाही, चहूकडनं.

आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. रानाला थ्री फेज करंट ठरलेल्या वेळी येतो. सगळ्यांनी मोटारींना ऑटो बसवलेत, त्यामुळं करंट आला की साऱ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात आणि त्या लाइनीवरच्या घरांतला दिवा बारीक होतो. मिक्सर फिरत नाही, फ्रिज कण्हायला लागतो. आणि आम्ही तीन शहाणे, दोन पगारदार आणि एक डॉक्टर, भर दुपारी दार उघडं टाकून उजेडात बसलेलो, दिवा कुठला लावतोय! घरी आमच्या स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर. विसरून गेलो होतो. काळा वाजवला तेव्हा करंट पुरा होता. करड्याच्या वेळी मोटारी आल्या. त्याच्या नळ्या अर्धपोटी होत्या बिचाऱ्याच्या.

आत येऊन मी बोंबललो, "आक्का! ॲम्प मेला न्हाय गं! मोटारींनी खाल्लाय त्याला!"

आक्कानं माझ्याकडं बघितलं, पणतीएवढ्या दिव्याकडं बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं आई गं," ती म्हणाली, आणि हसायलाच लागली. बऱ्याच दिवसांनी तिला तसं हसताना बघितली.

मोटारी थांबेपर्यंत काहीच करता येणार नव्हतं. मग जेवलो. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, आईनंच करून आणलेला. खानापूरवाल्यानं घरनं भात आणला होता, त्याला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. आई बारदानावरनं उतरून आमच्यात बसली आणि बोलत राहिली. कोण कुठं बसायचं, कोणती खिडकी मुकादम उघडू द्यायचा नाही, शेजारीण कशी चाळण वाजवून चेष्टा करायची. मग एकदम म्हणाली, "आपल्या गल्लीत बेंजो असायचा, आटवतोय का गं तुला?"

आक्काला कसा नाही आठवणार? जयंतीच्या मिरवणुकीला आमच्या गल्लीत बेंजो यायचा. बेंजो म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायचं खटक्यांचं, तारांचं वाद्य. त्याचा आवाज गाडीवर बांधलेल्या कर्ण्यातनं सोडायचे. कर्णा जुना, त्याला तो आवाज झेपायचा नाही, आणि सूर फाटून, खरखरून बाहेर पडायचा. बाकीची पोरं नाचायची आणि आक्का कर्ण्याच्या तोंडाशी उभी. ती त्या फाटक्या आवाजाच्या प्रेमात पडली ती तिथंच, हे बंगळूरबिंगळूर सगळं नंतरचं. आई तिचा हात धरून शेजारी उभी असायची. पुढं डॉल्बी आला. छाती हादरली म्हणजे आवाज चांगला, असं सगळ्या मुलखानं ठरवून टाकलं आणि कर्णा गावठी झाला. आम्हीही त्याच हवेत वाढलो. बास फुल, ट्रेबल फुल, मधलं काढून टाका.

"त्यो मला लांबनं बी ऐकू यायचा," आई म्हणाली. "वखारीतनं येताना ओढ्यापाशी असले तरी कळायचं, बेंजो आला. आताचं काय कळत न्हाय बाई. नुसतं धाडधाड."

आक्काचा घास हातातच राहिला. "आई," ती म्हणाली, मग तिच्या तोंडासमोर जाऊन मोठ्यानं, "कर्ण्यात बास नसतोय! ट्रेबल बी नसतोय! नुसतं मधलंच असतंय!"

"आस्सं?" आई म्हणाली. तिला त्यातलं काही कळलं नाही. "भरीत घे की अजून."

मोटारी थांबल्या. दिवा धप्पकन् मोठा झाला. खानापूरवाल्यानं आधी किटली लावून बघितली. ती उकळायला लागली तेव्हा मगच करडा चालू केला. आई परत बारदानावर, पाठ करून, हातात झाकण. आक्कानं नॉबकडं बघितलं. आकडे पुसलेलेच होते. बास खाली आणला. ट्रेबल खाली आणला. गेनसुद्धा थोडा कमी केला, जे तिनं माझ्या देखत कधी केलं नव्हतं. आणि मिडल वर, वर, पार वर.

पहिला ठोका पडला आणि मी उभाच राहिलो. काळ्यासारखा मोठा नव्हता हा आवाज. दणाणला नाही, कबुतरं जागची हलली नाहीत. पण तो असा सरळ, घट्ट, दात आवळून आला की वखारीच्या त्या टोकाला असलेली आई आणि आक्का ह्यांच्यात दुसरं काही उरलंच नाही. फाटलेला, खरखरीत, आणि तरी प्रत्येक ठोका सुटा. कर्णाच तो! आमच्या गल्लीतला कर्णा, दहा बैलांचं बळ आलेला. मला आक्काच्या हातांचा तेव्हा इतका अभिमान वाटला की जन्मभर तिला ज्या शिव्या दिल्या त्या मनातल्या मनात मागं घेतल्या. निदान त्या दिवसापुरत्या.

आईचं बोट स्थिर होतं.  आक्का वाजवत होती, आईकडं बघत नव्हती, मान खाली. बघायची हिंमत नव्हती तिची.

मग बोट हललं. एकदा. परत. आणि लागलं की हो मागं! आक्का झपझप तीन ठोके देऊन अर्धा श्वास थांबायची, तिथं बोट थांबलं. पुढं ती दुडक्या चालीवर गेली, बोट दुडकायला लागलं. खानापूरवाल्यानं माझा दंड पकडला. मी आक्काच्या पुढ्यात हात हलवून खुणावलं, बघ, बघ की गं! तिनं मान वर केली, बघितलं, आणि तिची बोटं तारांवर तशीच अडकली. गिटार एकदम बंद.

झाकणही बंद झालं, त्याच क्षणी.

वखारीत आवाज नाही. आक्का उभी, डोळे गच्च भरलेले, हात तारांवर. आईची पाठ आमच्याकडं. तिनं जरा वाट बघितली. मग मान किंचित तिरकी केली आणि झाकणाच्या कडेवर बोट वाजवलं. टक... टकटक.

आक्काची खूण. आम्ही दोघं मोठे झाल्यापासनं मी ती ऐकली नव्हती.

"थांबलीस का गं?" आई दाराकडं बघतच म्हणाली. "वाजव की. आत्ताशी ऐकू यायला लागलंय."

आक्कानं नाक ओढलं, बाहीनं डोळे पुसले आणि परत पहिल्यापासनं सुरू केलं. मला राहवेना, मी काठ्या उचलल्या, एकच ठोका मारला असेल नसेल. आईनं मागं न बघता हात वर केला.

"तू थांब रं जरा," ती म्हणाली. "तुजं लई ऐकलंय."